बसरूरचे पाहुणे

“जेवायला येऊ देत. दारी आलेल्याला उपाशी पाठवायची आपल्याकडची रीत नाही,” केशवरावांनी शेवटी सांगून टाकलं. “पण जेवण म्हणजे जेवण. त्याच्यापुढं काही नाही.”

हे सुद्धा ते अरुंधतीकडं न बघता, हातातल्या पेपराला सांगितल्यासारखं बोलले. संक्रांतीच्या सकाळी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता ती म्हणाली होती, “दादा, मी लग्न करावं म्हणतेय.” तेव्हापासून दादा तिच्याशी बोलायचे ते पेपराच्या, सूनबाई शिल्पाच्या नाहीतर दूधवाल्याच्या मार्फत. तिळगूळ मात्र त्यांनी खाल्ला होता, आणि तेवढ्या एका गोष्टीवर अरुंधतीनं आशा धरली होती.

बहीण अठ्ठावन्न वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात मुलींच्या इंटर कॉलेजातून, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेतून, निवृत्त झालेली. झाशीत लक्ष्मी गेटापासून दतिया गेटापर्यंत भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत कुणाच्याही घरी जा, तिथं कुणाची तरी आई, सून नाहीतर मुलगी ‘भूगोलवाली बहनजी’च्या हाताखालून गेलेली असायची. आणि नवरदेव बासष्टचे, विधुर, आणि अशा गावचे की ज्याचं नाव घरात धड कुणाला घेता येईना. केशवरावांच्या पत्नी कमळाबाई त्याला ‘बसुरू’ म्हणत, धाकटा भाऊ जयंता ‘बसरा’ म्हणे, आणि केशवराव नावच घेत नसत.

रविवारी सकाळी जेवणाची मांडामांड गच्चीवर झाली. जानेवारीत झाशीतल्या खोल्या बर्फाच्या लादीसारख्या होतात. माणसं उन्हाच्या मागं मागं फिरत दिवस काढतात. शिल्पानं सतरंज्या अंथरल्या, पाट मांडले आणि मग सासूबाई खाली गेल्याचं बघून अरुंधतीचा हात धरला.

“आत्या, ही राखाडी साडी नाही हं चालायची. निरोपसमारंभाला जाताय का तुम्ही? ती मोरपंखी नेसा.”

“अगं, या वयात...”

“या वयात लग्न चालतं आणि मोरपंखी चालत नाही?”

शिल्पा बबिन्याच्या छावणीत वाढलेली, साताऱ्याकडच्या सुभेदाराची मुलगी. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्या मराठीला घरातले ‘पुस्तकातली मराठी’ म्हणत, आणि यांच्या ‘मी बजारात जाऊन राहिले’ला ती तोंड फिरवून हसे. आता तिलाही ‘अच्छा जी’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करता येत नव्हतं. तिचा नवरा पियुष बँकेच्या कामानं ललितपूरला गेला होता. जाताना “मी आत्याच्या बाजूनं आहे, पण बाबांना सांगू नकोस” एवढं बायकोला सांगून गेला होता.

त्यांची मुलगी शमिका, एकोणीस वर्षांची, आई-बापासारखंच ‘आत्या’ म्हणणारी, कठड्यावर बसून मोबाइलमध्ये नकाशा बघत होती. “आत्या, देखो ना, समुद्र कित्ता जवळ आहे! आणि गावाला लागून नदी. तुम्ही तिथं जाऊन रोज समुद्र बघणार?”

“रोज नाही गं. बसनं जावं लागतं.”

“फिर भी!” शमिका म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत जे चमकलं ते अरुंधतीनं आरशात गेले कित्येक महिने पाहिलेलं होतं.

जयंता जवळच्या मोठ गावाहून आला तो मटारचं पोतंच घेऊन. मंडीत त्याचं खत-बियाण्यांचं दुकान होतं, आणि भावंडांत तो सगळ्यात धाकटा असला तरी भांडण मिटवायला त्यालाच बोलवायची पद्धत होती. फोनवर तो दादांना म्हणाला होता, “बरोबर आहे तुमचं, लोक हसतील.” जिना चढून वर येईपर्यंत मोरपंखी साडीतली बहीण त्याला दिसली आणि तो म्हणाला, “ताई, छान दिसतेस गं. हसले लोक तर हसू देत.” अरुंधतीला त्याचा राग येईना. ज्याच्या समोर उभा राहील त्याचा होऊन जाणं हा त्याचा स्वभावच होता.

खरी भीती तिला दादांची नव्हती, वहिनींची होती. कमळाबाई गेला आठवडाभर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या नुसत्या भांडी आपटत होत्या.

नवरदेव, सुभाषचंद्र कामत, बाराच्या सुमाराला आले. दोन्ही हातांत पिशव्या, खांद्याला एक झोळी, आणि डोक्याला मफलर असा गुंडाळलेला की फक्त चष्मा आणि नाक दिसावं. या शहरात रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी नोकरी काढली होती. कोकणी बोलायला इथं कुणी नाही म्हणून मराठी मंडळींच्या गणपतीत येऊन बसत, आरत्या म्हणत, नाटकाचे पडदे ओढत. त्यांच्या मुलीला अरुंधतीनंच भूगोल शिकवला होता. बायको गेली तीही याच गावात. निवृत्त होऊन ते आपल्या मुलखात परतले आणि सगळे त्यांना विसरले. मागच्या हिवाळ्यात शाळेतल्या चार मैत्रिणींबरोबर अरुंधती दक्षिणेच्या सहलीला गेली, तेव्हा हाच माणूस उडुपीच्या स्टेशनावर त्यांना उतरवून घ्यायला छत्री घेऊन उभा होता. पावसाचा टिपूस नव्हता. उन्हासाठी छत्री होती.

“नमस्कार, केशवरावजी,” ते म्हणाले. “तुमच्या झाशीची थंडी मी विसरलो होतो. तिनं मला ओळखलं.”

केशवराव हसले नाहीत, पण “इकडं उन्हात बसा” म्हणाले.

मग पिशव्या उघडल्या. पहिल्या पिशवीतून निघाली वांगी. हिरवी, गोल, चेंडूएवढी, देठाला काटे असलेली.

“हे मट्टूचं वांगं,” कामत म्हणाले. “मट्टू म्हणून आमच्याकडे समुद्राला चिकटून एक लहानसं गाव आहे. तिथल्याच मातीत हे होतं. त्याच्यात बी कमी, आणि शिजलं की लोणी.”

कमळाबाई लांब भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली. वांग्याच्या बाबतीत त्या स्वतःला अधिकारी समजत, आणि सगळा मोहल्ला त्यांना तसं समजे. त्या उठल्या नाहीत, पण म्हणाल्या, “शिल्पा, बघू एक.” शिल्पानं दिलं. त्यांनी ते हातात तोललं, देठाजवळ नखानं दाबलं, वास घेतला आणि खाली न ठेवता मांडीवरच ठेवून दिलं.

केळीच्या पानात बांधलेला गजरा प्रवासात पार सुकला होता. “शंकरपूरचा,” कामत ओशाळून म्हणाले, “तिथं घराघरात मोगऱ्याचे मांडव. पहाटे कळ्या तोडतात आणि दुपारच्या आत मंगळूर-मुंबईला रवाना. मी तो मंगला एक्स्प्रेसमध्ये घेऊन बसलो, ही माझी चूक.” सुकला तरी वास होताच. शमिकानं तो उचलून आत्याच्या केसांत माळायला हात पुढं केला, आणि केशवराव खाकरले तसा तो हात थांबला. गजरा मधल्यामध्ये सतरंजीवर राहिला.

फणसाचे पापड निघाले, कोकमं निघाली. ब्रह्मावर, साळिग्राम, कोटा, कुंदापूर अशी गावांची नावं कामतांच्या तोंडून बस कंडक्टरच्या चालीवर येत होती. अरुंधती मान खाली घालून ऐकत होती. तिला प्रत्येक नावाबरोबर एक एक थांबा दिसत होता: देवळाच्या तळ्याची हिरवी पायरी, शाळा सुटलेल्या मुली, कौलांच्या कारखान्याचं उंच धुराडं.

“बसरूर म्हणता ते नेमकं कुठं?” केशवरावांनी विचारलं. इतिहास हा त्यांचा विषय, त्यामुळं न राहवून.

“कुंदापूरपासून आत, नदीवर. एका काळी मोठं बंदर होतं. अरबांची जहाजं यायची. आता शांत गाव. देवळं पुष्कळ, माणसं थोडी.”

“थांबा, थांबा. म्हणजे बसनूर?” केशवराव पुढं सरसावले. “महाराज जहाजांवर बसून गेले होते ते?”

“तेच. आमच्या गावाला त्यांनी एका दिवसात साफ करून टाकलं,” कामत म्हणाले. “आमचे लोक अजून सांगतात.”

“अरे वा!” केशवरावांनी मांडीवर थाप मारली. मग आपण कुणापुढं ‘अरे वा’ म्हणतोय ते लक्षात येऊन ते जरा मागं सरकले. “म्हणजे... इतिहास आहे म्हणायचा गावाला.”

“इतिहासच उरलाय जी. तुमचंही मूळ कोकणातलंच ना?”

“राजापूरजवळचं. पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर इथं होते त्या काळात आमचे मूळपुरुष इकडं आले. लेखणी घेऊन आले, पोतनीस आम्ही.”

“बघा म्हणजे. आमचे गोव्यातून खाली सरकले, तुमचे कोकणातून वर आले. मधे अडीचशे वर्षं गेली, नाहीतर शेजारीच होतो.”

जयंता मोठ्यानं हसला. शिल्पा हसली. केशवरावांच्या मिशा हलल्या आणि त्यांनी त्या हातानं झाकल्या. अरुंधतीनं मान वर केली. आणि बरोबर त्याच वेळी कमळाबाईंनी तोंड उघडलं.

“तुम्ही मासे खाता?”

खालून रिक्षावाल्याचा हॉर्न ऐकू आला.

“खातो,” कामत म्हणाले. “एकादशीला नाही, सोमवारी नाही. बाकी खातो.”

“घरात शिजतात?”

“शिजतात. आता वेगळी चूल करीन. तुमच्या नणंदेच्या स्वयंपाकघरात काटासुद्धा येणार नाही.”

“आजी, आजकल सब खाते हैं,” शमिका मध्येच म्हणाली.

“तू गप्प बैस. सब म्हणजे कोण, तू पण खातेस की काय?” शमिकानं एकदम नकाशात डोकं घातलं, आणि शिल्पाला खोकला आला.

पानं वाढली. मटारची उसळ, कढी, बाजरीची भाकरी, गाजराचा हलवा. कामतांनी मफलर सोडला आणि मन लावून जेवले. कढी तीनदा मागून घेतली. जेवता जेवता केशवरावांनी त्यांची उलटतपासणी चालवली. मुलगी कुठं? मस्कतला, तिनंच बापाला म्हटलं की बाबा, बहनजींना विचारा. तब्येत? साखर थोडी वर असते. हे ऐकून कमळाबाईंनी हलव्याची वाटी अर्धी काढून घेतली. अरुंधतीनं ते पाहिलं. ज्या माणसाला घालवून द्यायचं, त्याच्या साखरेची काळजी वहिनी कशाला करतील?

“अरुंधतीजींना तिथं त्रास होणार नाही,” कामत म्हणाले. “भाषेचं थोडं अवघड. आमच्या कुंदापूरची कन्नड बेंगळूरच्या माणसालाही कळत नाही. खाली उडुपीकडे तुळू. घरात कोकणी. बाजारात सगळं मिसळून.”

“आणि हिच्याशी कोण बोलणार?” कमळाबाईंनी विचारलं. हे त्या कामतांना नव्हत्या विचारत. त्या सरळ नणंदेकडं बघत होत्या. “वन्सं, तुम्हाला मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तुम्ही उशाशी. माझी बाळंतपणं झाली, तुम्ही उशाशी. संध्याकाळी मागच्या खोलीचा दिवा लागला नाही तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. तिकडं ताप आला तर तुमच्या उशाशी कोण बसणार? समुद्र?”

आठवडाभर आपटलेली भांडी कशासाठी होती ते अरुंधतीला आत्ता कळलं. ती उठून वहिनींजवळ जाऊन बसली, आणि त्या दोघी एकमेकींचा हात धरून इतर सगळ्यांकडं बघू लागल्या.

अशा वेळी जयंता मिटवामिटवी करतोच. त्यानं बोटं चाटली, पाणी प्यायला आणि म्हणाला, “एक सांगू? लग्नाला ना कुणाचीच नाही. दादा, खरं सांगा, माणूस तुम्हाला आवडला. वहिनींना पण आवडला. अडचण आहे ती अंतराची. मग कामतजींनीच इकडं यावं! इतकी वर्षं राहिले, सगळं माहीत आहे. कामतजी, झाशीत राहा. वरच्या दोन खोल्या मोकळ्याच आहेत.”

सगळ्यांनी कामतांकडं पाहिलं. त्यांनी घास खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं आणि मावळलं. मग ते म्हणाले, “यांना माणसांतून तोडून नेणार असेन, तर मी तिथं सुखानं नाही राहणार. तुमची सगळ्यांची तशी इच्छा असेल, तर मी येतो. नारळाची दोन झाडं आहेत; ती भावाला सांगेन.”

“वाह भाई, वाह!” जयंता ओरडला. कमळाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि हसल्या. शिल्पानं टाळी वाजवली. केशवराव घसा साफ करून म्हणाले, “हे मात्र समजूतदारपणाचं झालं. लोकांना पण सांगता येईल. निवृत्तीनंतर... सोबत म्हणून... आपल्याच घरात.” आणि संक्रांतीनंतर पहिल्यांदा ते बहिणीकडं बघून बोलले, “काय अरू? झालं ना मनासारखं?”

सगळं तिच्या मनासारखंच झालं होतं. तिच्याकडं सहा हसरी तोंडं वळली होती. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. ‘हो’ म्हणायची तिला उभ्या जन्माची सवय होती.

“नाही,” ती म्हणाली.

“क्या?” शमिका म्हणाली.

“मला झाशीत नाही राहायचं. मला तिथं जायचंय.” आपला आवाज वर्गातल्यासारखा मागच्या बाकापर्यंत गेला, हे तिच्या लक्षात आलं. “कामतजी, तुम्ही चांगले आहात. पण तुम्ही इथं आलात तर मी तुमच्याशी लग्न नाही करणार.”

कामतांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि तिच्याकडं नीट पाहिलं.

“दादा, मी उभ्या नोकरीत फळ्यावर पश्चिम किनारा काढला. खडूची एक रेघ, तिच्या डावीकडं निळा खडू. मुली विचारायच्या, बहनजी, समंदर कैसा होता है? मी पुस्तकातलं सांगायची. मागच्या वर्षी मरवंते म्हणून गाव आहे तिथं गाडी थांबली. रस्त्याच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, आणि मधून नुसता रस्ता. मी खाली उतरले आणि मला रडू आलं. दुःखानं नाही. मग रोज बसनं हिंडलो. गंगोळीला होडीतून पलीकडं गेलो, मलप्याच्या धक्क्यावर उभे राहिलो. थोडं गेलं की एक गाव, परत थोडं गेलं की दुसरं. कुणी भात वाळवतंय, कुणी जाळं विणतंय. आणि त्या सगळ्या गावांत मला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. मी केशवरावांची बहीण नव्हते, कुणाची आत्या नव्हते, बहनजी नव्हते. मला ते फार आवडलं. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. तुमच्यात राहून माझं पोट भरलंय. आता मला थोडं दुसरंही चाखायचंय.”

केशवराव उठले, चूळ भरली, आणि जिना उतरून खाली गेले.

“गेले,” जयंता पुटपुटला. “आता झालं.”

“तुम्ही गप्प बसा भाऊजी,” कमळाबाई म्हणाल्या. त्यांनी नणंदेचा हात अजून सोडला नव्हता. तो सोडून त्यांनी तिच्या पाठीत हलकेच धपका घातला. “जा. त्यांच्या मागं जा. मी बघते इथलं.” आणि कामतांकडं वळून, “ते वांगं कापून करायचं का अख्खं?” असं विचारलं.

अरुंधती खाली आली तेव्हा दादा दारासमोरच्या ओट्यावर बसले होते. गल्लीत पोरं पतंगाचा मांजा गुंडाळत होती. ती शेजारी बसली. पोरांकडं बघत दादा म्हणाले,

“तिथं थंडी पडते?”

“नाही.”

“अजिबात?”

“पंखा लावतात जानेवारीत.”

दादांनी गुडघ्यावरून हात फिरवला. “मी अजून समुद्र पाहिलेला नाही,” ते म्हणाले. “जिथं तिथं सांगत आलो, आम्ही कोकणातले. आत्ता त्या माणसालासुद्धा सांगितलं. त्यानं विचारलं असतं, राजापूरला कधी गेला होतात, तर काय सांगणार होतो?”

“त्यांनी नसतं विचारलं.”

“ते दिसलं मला. म्हणून तर राग येत नाहीये.” “अरू, सकाळी पेपरवरून मी भांडायचं कोणाशी? ही हो ला हो करते. पियुष मोबाइलमधून डोकं काढत नाही.”

“फोन करा. मी तिथून भांडेन.”

“फोनवर मजा नाही.” मग त्यांचा आवाज नेहमीसारखा हुकमी झाला. “लग्न कुठं करणार?”

“म्हणजे?”

“मुलीकडच्यांनी वऱ्हाड घेऊन जायला हरकत आहे का? इथं मंडप घातला तर जो तो येऊन तोंडाकडं बघणार आणि मला प्रत्येकाला समजावत बसावं लागणार. तिकडंच करू. आम्ही सगळे येतो. तुला तिथं पोचवून, घर बघून, चूल वेगळी आहे का ते तुझ्या वहिनीनं तपासून, मग परत येऊ. आणि ते तुझं मरवंते की काय, तेही बघू.”

अरुंधतीनं दादांच्या खांद्याला डोकं टेकलं. असं तिनं फ्रॉकात असताना, दादा तिला बुंदेलीत ‘बिन्नू’, म्हणजे बहीण, म्हणायचे तेव्हाच कधी केलं असेल. दादा ताठ बसून राहिले, फक्त गल्लीतल्या पोरांवर उगीच ओरडले, “ए, मांजा इधर मत लाओ!”

वर गच्चीवर बातमी पोचली आणि जो गोंधळ उडाला त्यात कोण कुणाच्या बाजूनं होतं हे कुणालाच आठवेना. जयंता शपथेवर सांगत होता की ही युक्ती आधीपासून त्याच्याच डोक्यात होती. शमिका तिकिटं बघायला लागली. शिल्पानं पियुषला फोन लावून “आता उघडपणे बाजू घेतली तरी चालेल” म्हणून कळवलं. कामत उठून उभे राहिले आणि केशवरावांना वाकून नमस्कार करू की हात मिळवू हे न कळून दोन्ही अर्धं अर्धं केलं. केशवरावांनी त्यांना धरून परत उन्हात बसवलं आणि म्हणाले, “बसा. हा हलवा संपवा. थोडाच.”

“सगळे जाणार म्हणजे घर?” कमळाबाईंनी विचारलं. “घराला कोण?”

“कुलूप लावायचं,” केशवराव म्हणाले.

“कुठलं कुलूप?”

शोधाशोध झाली. फडताळं पाहिली, जिन्याखालचं कपाट पाहिलं. कडी होती, कोयंडा होता. पण मोठ्या दाराला लावायचं कुलूप घरात नव्हतंच. लागलंच नव्हतं कधी. लग्नाला गेले, तीर्थाला गेले, दवाखान्यात गेले, तरी कुणीतरी एक माणूस मागं राहायचं. कोण राहायचं हे बोलायची गरज पडली नव्हती. सगळ्यांनी एकदा अरुंधतीकडं पाहिलं आणि दुसरीकडं बघितलं.

“चल,” केशवराव तिला म्हणाले. “बाजार उघडा आहे अजून.”

ती दोघं दतिया गेटाच्या बाजारात गेली. ऊन उतरायला लागलं होतं. लोखंडाच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं चार कुलपं समोर मांडली. केशवरावांनी एक एक उचलून, किल्ली फिरवून, कानाशी धरून पाहिलं, आणि सगळ्यात जड होतं ते बाजूला काढलं.

“काय दद्दा,” दुकानदार बुंदेलीत म्हणाला, “इत्तो बड़ो तारो? सब जने कहूँ जा रये का?”

दुकानात आणखी दोघंतिघं उभी होती. एकजण बहनजींच्या विद्यार्थिनीचा नवरा होता; त्यानं नमस्कार केला. अरुंधतीनं पदर सावरला आणि दादांकडं पाहिलं. हाच प्रश्न, हीच माणसं, हेच ते टाळत होते.

केशवरावांनी कुलूप काउंटरवर ठेवलं, मफलर नीट केला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“हओ. समंदर किनारे जा रये. हमाई बिन्नू को ब्याओ है.”